गोजाबाईचा गुडघा

दुधाचं पातेलं निंगव्वाच्या हातून निसटलं आणि शहाबादी फरशीवर आपटून उंबऱ्यापर्यंत गडगडत गेलं. दूध नव्हतं त्यात, नुसतं घासून आणलेलं. पण जाड बुडाचं, पितळेचं, आणि गिरणीच्या पाळणाघराला वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आवाज असा झाला की वळचणीची कबुतरं उडाली. बावीस पाळण्यांतली जागी पोरं दचकली, झोपलेली जागी होऊन दचकली, आणि एकानं सूर लावला तसा बाकीच्यांनी तो उचलून धरला. निंगव्वा कपाळावर हात मारून कानडीत स्वतःलाच शिव्या देऊ लागली. तिला चार शब्द सुनवावेत म्हणून गोजाबाईनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर तिसऱ्या पाळण्याकडे गेली. तिनं नेली नाही, गेली. आठ वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या बाईची नजर असा काही आवाज झाला की तिला विचारून कुठं जात नाही. तिसऱ्या पाळण्यात रंभाचा सिदू जागा होता. वर टांगलेल्या चिंध्यांच्या पोपटाकडे बघत तो एक पाय हलवत होता आणि लाळ गाळत मजेत हसत होता. शेजारच्या पाळण्यातलं पोर रडून निळं झालं होतं. सिदूचा पाय हलायचा थांबला नव्हता. गोजाबाईनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. निंगव्वाला वाटलं, आज बाईचा पारा खाली आहे, बरं झालं.

मग पोरं शांत करण्यात तासभर गेला. हे पोर खांद्यावर, ते मांडीवर, तिसऱ्याला पायानं झोका. गिरणीचा घरघराट भिंतीतून येत होता तसा येतच होता. त्याची पोरांना सवय होती, त्यानं कुणी उठत नसे की झोपत नसे. गोजाबाई स्वतःला समजावत होती. पोर नादात असेल. पोपट हलत होता, पोरं पोपटात रमतात. एखादं मूल असतं मुळातच थंड. असं समजावताना आपण कुणाला फसवतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण हीच वाक्यं, याच क्रमानं, तिनं पूर्वी एकदा स्वतःला ऐकवली होती. पोरं निजल्यावर ती तिसऱ्या पाळण्याच्या उशाशी, सिदूला दिसणार नाही अशी जाऊन उभी राहिली. टाळी वाजवायची नाही. टाळीचा वारा गालाला लागतो आणि पोर वळतं. पाळण्याला धक्का लागू द्यायचा नाही. पाय आपटायचा नाही, फरशी सांगते. सावली पडू द्यायची नाही. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पोराच्या डाव्या कानामागं, हातभर लांबून, खुळखुळवला. मग उजव्या. शेजारच्या पाळण्यातलं निजलेलं पोर चुळबुळलं. सिदू स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. तिनं जुडगा परत कमरेला खोचला तेव्हा तिला पहिल्यांदा पोराची कीव आली नाही, भीती वाटली ती गुरुवारची. गुरुवारी डॉक्टरीणबाई येणार होत्या. ही गोष्टही तिच्या लक्षात आली, म्हणजे पोराआधी स्वतःचं मनात आलं ही, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

रंभाची थोरली चिमी याच पाळणाघरात वाढली होती. दोन महिन्यांची आणून ठेवली तेव्हा ती नुसती रडायची. रंभा रिळांवर काम करायची. सकाळी भोंग्याला पोर टाकून जायची, मधल्या सुट्टीत पाजायला यायची, परत जायची, आणि चिमी मधला सगळा वेळ रडून काढायची. तेव्हा गोजाबाईच्या पदराला एक गाठ असे. गाठीत अफूची काळी गोळी. त्यात जगावेगळं काही नव्हतं. निम्म्या आया घरनंच पोरांना बाळगोळी देऊन आणत, नाहीतर पाळीला जाणार कशा. गोजाबाई नखाच्या टोकावर राळ्याच्या दाण्याएवढी घ्यायची आणि पोराच्या जिभेवर ठेवायची, की दुपार कशी सुखात जायची. पण रंभानं पहिल्याच दिवशी हात जोडले होते. तिची धाकटी बहीण त्या गोळीनं गेली होती, मंगळवेढ्याला, कापूस वेचायच्या दिवसांत. आईनं बांधावर निजवली ती उठलीच नाही. माझ्या पोरीला तेवढी गोळी देऊ नका, गोजाबाई, रडली तर रडू द्या, असं रंभा म्हणाली होती. गोजाबाईनं हो म्हटलं होतं आणि चौथ्या दिवसापासून दिली होती. देताना फार काही वाटलंही नव्हतं. रंभा संध्याकाळी येऊन म्हणायची, तुमच्या हाताला गुण हाय, किती शांत झाली, आणि गोजाबाई ते शब्द पानात चुना लावून घ्यावा तसे घ्यायची. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. नवरा केमच्या स्टेशनात हमाल होता तो तापाच्या साथीत गेला, आणि ती गाडीत बसून सोलापूरला आली ती इथं. हाताला गुण हाय असं तिला आयुष्यात दुसरं कुणी म्हटलं नव्हतं.

सातव्या महिन्यात तिला कळलं. एका दिवसात कळलं असंही नाही. पोरं रडताना तिच्या बांगड्या वाजल्या की क्षणभर थांबतात, आली का म्हणून कानोसा घेतात, आणि मग नव्या जोमानं सुरू होतात. चिमी तिचं तोंड पाळण्यावर दिसेपर्यंत थांबायची नाही. दिसलं की चटकन थांबायची. मग तिचं बोलणं. चौथ्यापाचव्या महिन्यात सगळ्या पोरांसारखं तीही अगू, अगू करायची. बाकीची पोरं त्यात नवनवीन आवाज घालत गेली, बाबा दादा करायला लागली, आणि चिमीचं होतं तेही आटत गेलं. पाण्याचा हौद गळावा तसं रोज थोडं कमी. गोजाबाईनं किल्ल्या वाजवून बघितल्या, लपून ताट वाजवून बघितलं, आणि ज्या दिवशी खात्री झाली त्या दिवशी घरी जाऊन पदराची गाठ सोडून ती गोळी चुलीत टाकली. तिच्या मनात एकच होतं. गोळीनं पोरीचे कान खाल्ले. रंभानं हात जोडून नको म्हटलेली गोळी. त्यानंतर तिनं एकाही पोराला गोळी दिली नाही. पोरं रडली, तिनं खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या, कंबर मोडली, आणि प्रत्येक येरझारेला तिला वाटत गेलं की काहीतरी फिटतंय. फिटत काही नव्हतं. चिमी तिथंच पाळण्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत होती.

डॉक्टरीणबाई दर तीन महिन्यांनी यायच्या. पुण्याकडच्या, पांढरं पातळ, पायात बूट, आणि पिशवीत देवघरातल्यासारखी एक लहान घंटा. पोरांचं वजन, डोळे, टाळू, आणि बसू लागलेल्या पोरांना शेवटी घंटा. पोर गोजाबाईच्या मांडीवर, समोर निंगव्वा खुळखुळा दाखवणार, आणि बाई मागं उभ्या राहून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे घंटा वाजवणार. पोर वळलं की वहीत खूण. चिमीची पाळी आली तेव्हा गोजाबाईनं काही ठरवलं नव्हतं, हे तिनं पुढं चार वर्षं स्वतःला शपथेवर सांगितलं. घंटा डावीकडे वाजली आणि तिचा डावा गुडघा हलला. नुसता, अंगठ्याएवढा वर झाला. मांडीवरचं पोर त्या बाजूला कललं आणि काय झालं म्हणून वळून बघू लागलं. बाई म्हणाल्या, छान. उजवीकडे वाजली, उजवा गुडघा हलला. बाईंनी खूण केली. पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा, त्याच्या पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा. तिसऱ्या वेळेपर्यंत चिमी इतकी शहाणी झाली होती की गुडघा नुसता ताठ झाला तरी वळायची. बाई म्हणाल्या होत्या, ही फार चलाख आहे हो. त्या साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅनेजरसाहेबांच्या बायकोनं गोजाबाईला इरकली लुगडं दिलं, सगळ्या बायकांदेखत, मुलं चांगली ठेवते म्हणून. ते तिनं अजून नेसलेलं नाही. पेटीच्या तळाशी आहे, आणि पेटी उघडली की ती त्याच्यावर दुसरं काहीतरी टाकते.

मंगळवारी काम सुटल्यावर ती रंभाच्या चाळीत गेली. सांगायलाच गेली. वाटेत सात रस्त्याच्या चौकात फुटाणे घेतले पोरीसाठी, आणि घेताना स्वतःशीच चिडली, की ही काय लाच. दारातच चिमी बसली होती. पाचवं लागलेली पोर, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि डोळे असे की माणसाच्या तोंडावरून हलायचे नाहीत. गोजाबाई काय म्हणते ते ऐकावं तशी ती तिच्या ओठांकडे बघत राहिली. चाळीत तिला येडी म्हणतात हे गोजाबाईला ठाऊक होतं. येडी म्हणणाऱ्या बायकांना तिनं कधी गप्प बसवलं नव्हतं. एकदा तर, खरं सांगायला आपली जीभ वळवळते आहे असं वाटल्यावर, तीही त्यांच्याबरोबर हसली होती. आत जोतीराम, रंभाचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता. तो मागावरचा माणूस. साळखात्यात मागांचा एवढा कल्लोळ की तिथली माणसं तोंडानं बोलतच नाहीत. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, पाणी पाहिजे, सगळं हातानं नाहीतर भुवईनं, आणि दहाबारा वर्षं तिथं काढलेला माणूस घरीही तसाच वागतो. त्यानं दोन बोटं ओठाशी नेली. चिमी उठली आणि कोनाड्यातली चंची घेऊन आली. त्यानं तळहात उताणा करून हलवला. तिनं चुन्याची डबी आणली. जोतीरामनं मोठ्या अभिमानानं गोजाबाईकडे बघितलं.

“येडी म्हंत्यात लोकं,” तो म्हणाला, “माजं एक आयकायचं ठिवत न्हाय बगा पोरगी. आईशीच काय वाकडं हाय कुणाला ठावं. ती हाका मारून मारून मरती, ही ढिम्म.”

रंभा चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही. भाकरीवर पडणारे तिचे हात मात्र जोरात पडत होते. गोजाबाईला वाटलं, हीच वेळ. तिनं घसा खाकरला. तेवढ्यात जोतीराम पुढं बोलू लागला, की पोरीचं आता ठरवलंय, या अवसेनंतर गावाकडं नेऊन सोडायची, रंभाच्या आईपाशी. तो रंभाचा सख्खा मामा, त्यामुळे रंभाची आई म्हणजे त्याची थोरली बहीणच. परकं कुणी नाही. शेळ्या राखील. तिथं बोलायचं काम नाही. आमचा येडूतात्या असाच होता, म्हणाला, जन्मभर एक शब्द बोलला नाही, हाक मारली तर बघायचा नाही, पण शेळ्यांमागं लई सुखात राहिला. त्याच्या आधी आणखी एक आजी होती म्हणत्यात तसली. घराण्यात येतंच एखादं. हे सगळं तो तंबाखूत चुना मळता मळता, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला. गोजाबाईच्या हातात रंभानं भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. घास तोंडात होता आणि तो गिळायचा राहून गेला.

म्हणजे घराण्यातून आलं होतं. येडूतात्याला कुणी गोळी दिली नव्हती. सिदूला तिनं कणभर दिली नव्हती, रंभा तर देणारच नाही, आणि तरी सिदूला ऐकू येत नाही. गोळीनं नव्हे. चार वर्षं जे छातीवर बसलं होतं ते उठलं, आणि त्या परक्या घरात, त्यांची भाकरी हातात धरून, तिला एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रंभानं विचारलं, चटणी तिखट झाली का. गोजाबाईनं मान हलवली. हलकं वाटणं दाराबाहेर पडेपर्यंत टिकलं. चिमी तिला पोहोचवायला कोपऱ्यापर्यंत आली. गोजाबाईच्या पदराचं टोक धरून चालत होती आणि दर चार पावलांनी वर तोंड करून बघत होती, की ही काही म्हणतेय का. तिच्या दंडावर एक काळपट वळ होता. पडली असेल, गोजाबाई म्हणाली मनात, आणि मग चालता चालता तिला कळलं की आपण सुटलो नाही आहोत. गोळीचा दोष नव्हता तर मग लपवलं कशासाठी. गोळीचा दोष असता तर निदान केलेल्या पापाला भिऊन लपवलं असं तरी म्हणता आलं असतं. आता तेही नाही. न केलेल्याला भ्याली आणि भिऊन जे केलं ते मात्र खरंच केलं. सातव्या महिन्यात तिनं तोंड उघडलं असतं तर पोरीला येडी न म्हणता बहिरी म्हटलं असतं, एवढा तरी फरक पडला असता, आणि आज तिला शेळ्यांमागं घालवायचं कुणाच्या मनात आलं नसतं. तिथंच रस्त्यात सांगून टाकावं म्हणून ती वळली. चिमीनं फुटाण्यांची पुडी उघडून त्यातले चार तिच्यापुढं धरले होते. गोजाबाईनं ते खाल्ले आणि घरी गेली.

बुधवार कसा गेला ते तिला पुढं कधी नीट आठवलं नाही. निंगव्वा म्हणाली, याक, काय झालं बाई, ताप हाय काय. पोरांना दूध पाजताना, दुपटी पिळताना, तिच्या मनात सारखं एक शहाणं, समजूतदार माणूस बोलत होतं. ते म्हणत होतं, गेलं ते गेलं. सिदू सात महिन्यांचा आहे. आज कुणाला कळलं काय, नि सहा महिन्यांनी कळलं काय. उद्या घंटेला गुडघा हलव, पुढच्या वेळेला हलवू नको, म्हणजे मधल्या काळात ऐकू येईनासं झालं असं दिसेल. तुझी नोकरी राहील. थोरलीचा विषयच निघणार नाही. निघाला तर येडूतात्या आहेच. हे माणूस इतकं रीतसर बोलत होतं की गोजाबाईला ते पटत चाललं, आणि पटत चाललंय हे कळलं तेव्हा तिला आपल्या गुडघ्यांची लाज वाटली, लहान पोरीला अंगावर कपडा नसला की वाटते तशी. ती मांडी घालून बसली होती ती पदर ओढून गुडघे झाकून बसली. समोर नुसती पोरं होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीच्या भोंग्याला बाई आल्या. आया पोरांना पाजून भिंतीशी रांगेनं बसल्या होत्या, अंगावर सुताचा भुगा, डोळ्यांत झोप. रंभा चौथी होती. वजनं झाली, डोळे झाले. सिदूचं वजन चांगलं भरलं म्हणून बाईंनी त्याच्या गालाला हात लावला आणि रंभा लाजून हसली. नवसाचा मुलगा, पहिल्या येडीनंतर झालेला, तिचं हसू लपत नव्हतं. मग निंगव्वानं खुळखुळा उचलला आणि सिदू गोजाबाईच्या मांडीवर आला. बाई मागं गेल्या. गोजाबाईला त्यांच्या बुटांचा आवाज डावीकडे गेलेला कळला. तिनं दोन्ही पाय फरशीत रोवले. गुडघा थरथरायला लागला होता, घंटा वाजायच्या आधीच, शिकवलेल्या बैलासारखा. तिनं पोराला उचललं आणि मांडीवरून खाली घेऊन समोर सतरंजीवर बसवलं, पाठीशी उशी लावली, आणि हात मागं घेतले.

घंटा वाजली. डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जवळून. सिदू खुळखुळ्याकडे बघून हसत होता.

बाई म्हणाल्या की झोप पुरी झालेली दिसत नाही, पुढच्या वेळी बघू. आणि वही उघडता उघडता, अगदी सहज, रंभाला म्हणाल्या, याची थोरली बहीण किती चटकन वळायची, मला आठवतंय ना. रंभानं मान खाली घातली. बाईंनी टाक दौतीत बुडवला. गोजाबाईला तेव्हा कळलं की गप्प बसायला गुडघासुद्धा हलवावा लागणार नाही. बाई स्वतःच लिहीत होत्या. तिनं फक्त काही न बोलता बसायचं होतं, आणि तेच तर तिला येत होतं.

“त्येला आयकू येत न्हाय, बाई,” गोजाबाई म्हणाली. “त्येच्या थोरल्या भैनीलाबी येत न्हाय. ती वळत नव्हती. मी गुडगा हालवत हुते.”

बाईंचा टाक वहीवर टेकलेला राहिला आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, कधीपासून माहीत आहे. सातव्या महिन्यापासून, गोजाबाई म्हणाली. कशावरून, म्हणून विचारलं, तेव्हा तिनं बांगड्यांचं सांगितलं, अगू आटल्याचं सांगितलं, किल्ल्यांचं आणि वाऱ्याचं आणि सावलीचं सांगितलं, गोळीचंही सांगितलं, चिमीला गावाकडं शेळ्यांमागं सोडणार आहेत तेही सांगितलं. बोलायला लागल्यावर ती थांबेचना, आया एकमेकींकडे बघत होत्या आणि ती बोलत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, निदान आवाज चढवला नाही. चेहरा मात्र उतरला.

“सातव्या महिन्यात तुम्हाला जे दिसलं ते मला चार वर्षांत दिसलं नाही, गोजाबाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एक शब्द बोलला असतात तर. मग मी घंटा कुणासाठी वाजवत होते?”

बाईंनी नवं पान काढलं. मुंबईला अशा मुलांची शाळा आहे, त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवतात, बोलायलाही शिकवतात. जितक्या लहानपणी सुरू होईल तितकं चांगलं. थोरलीचं आजच लिहिते. उशीर झालाय, तरी लिहिते. तिला गावाकडं पाठवायचं नाही. धाकट्याशी त्याच्या समोर बसून, तोंड दाखवून बोलायचं, आजपासून. हे सगळं त्या रंभाला सांगत होत्या, पण रंभा ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ती भिंतीपासून उठून पुढं आली होती आणि गोजाबाईकडे बघत होती. गोजाबाईनं अंग आवळून घेतलं. ही आता झिंज्या धरणार, तोंडावर थुंकणार, आणि ते होऊन गेलेलं बरं, असं तिला वाटत होतं. तिला मार हवा होता. चार वर्षं ती या माराची वाटच बघत होती जणू.

“म्हंजे तिला आयकूच येत नव्हतं?” रंभानं विचारलं.

गोजाबाई नाही म्हणाली.

“बापानं हात हालवला की उटायची. म्या हाक मारली की बसून ऱ्हायची, माजी पाट तिच्याकडं, चुलीफुडं बसून हाका मारायची मी. मला वाटायचं, आईला मोजत न्हाय पोरगी.” रंभाचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “म्या मारलं तिला, गोजाबाई. फुकणीनं मारलं. परवा तुमी येऊन गेलासा, त्येच्या आदल्या दिशीबी मारलं. आयकत न्हाय म्हणून मारलं की ओ.”

निंगव्वानं तोंडाला पदर लावला. गोजाबाईच्या डोळ्यांपुढं तो दंड आला, आणि ती ‘पडली असेल’ म्हणाली होती तेही आलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. रंभाच्या पायांवर डोकं ठेवावं असंही वाटलं, पण त्यातसुद्धा आपलीच सुटका होती हे तिला आता कळत होतं, आणि ती जागची हलली नाही.

“आता घरी जाऊन तिला काय सांगू?” रंभा म्हणाली. “माजं चुकलं म्हणून सांगायचं हाय. त्ये कसं सांगायचं, त्ये तुमी सांगा. तुमाला पोरांचं सगळं कळतंय.”

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. आया उठल्या, पदर खोचत, पोरांची शेवटची पापी घेत, पाळण्यांमधून वाट काढत दाराकडे गेल्या. निंगव्वाच्या दोन्ही हातांत पोरं होती. रंभानं सतरंजीवरून सिदूला उचललं, क्षणभर इकडेतिकडे बघितलं, आणि दुसरी जागा नव्हती म्हणून गोजाबाईच्या मांडीवर ठेवलं. मग ती गेली नाही. खात्याचं दार बंद व्हायची वेळ झाली होती, बाहेरून कुणीतरी तिच्या नावानं ओरडत होतं, आणि ती उत्तरासाठी तिथंच उभी होती.